घरोघरी जाऊन गुन्ह्यांची मोजणी : सोलापूरसाठी पीडित-सर्वेक्षण कसे आखावे

सोलापूर शहरात गेल्या वर्षी किती चोऱ्या झाल्या, या प्रश्नाचे जे उत्तर वर्तमानपत्रात वाचायला मिळते ते खरे तर दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर असते. पोलीस आयुक्तालयाच्या आकड्यांवरून एवढेच कळते की, शहरातील ठाण्यांत किती गुन्हे दाखल झाले. घटना घडणे आणि गुन्हा दाखल होणे यांच्या मध्ये तीन टप्पे असतात. आपल्यावर गुन्हा घडला आहे हे माणसाला जाणवले पाहिजे, तो ठाण्यात गेला पाहिजे, आणि ठाण्यात त्याची तक्रार गुन्हा म्हणून लिहून घेतली गेली पाहिजे. नव्या पेठेच्या गर्दीत खिशातून गेलेला मोबाईल ‘हरवला’ म्हणून नोंदला गेला, तर चोरीच्या आकड्यात तो कधीच दिसत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आज जो वार्षिक अहवाल काढतो त्याची मालिका १९५३ सालच्या आकड्यांपासून सुरू होते आणि त्याचे महत्त्व कोणी नाकारत नाही. परंतु त्यातही एका फिर्यादीतील अनेक गुन्ह्यांपैकी सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो, आणि जो ठाण्यापर्यंत पोचलाच नाही त्याचा तर त्यात प्रश्नच येत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी घरोघरी जाऊन लोकांनाच विचारण्याची, म्हणजे पीडित-सर्वेक्षणाची, पद्धत निघाली. अमेरिकेत १९६६ मध्ये पहिली मोठी चाचणी झाली आणि १९७२ पासून राष्ट्रीय सर्वेक्षण सुरू झाले. आज त्यात दरवर्षी सुमारे दीड लाख कुटुंबांतील बारा वर्षांवरील व्यक्तींना प्रश्न विचारले जातात. ब्रिटनने १९८२ मध्ये आपले सर्वेक्षण सुरू केले. १९८९ पासून आंतरराष्ट्रीय पीडित-सर्वेक्षण होऊ लागले आणि नव्वदच्या दशकात त्यात मुंबईचाही समावेश झाला. अशी सर्वेक्षणे कशी करावीत याची पुस्तिका संयुक्त राष्ट्रसंघाने २०१० मध्ये काढली. भारतात मात्र नियमित राष्ट्रीय पीडित-सर्वेक्षण अजून नाही. दिल्ली, मुंबई, चेन्नई, बंगळुरू अशा महानगरांत काही संस्थांनी केलेली सर्वेक्षणे आहेत. सोलापूरसारख्या शहराच्या वाट्याला तेही फारसे आलेले नाही. म्हणून महाविद्यालयाचा समाजशास्त्र विभाग, एखादी स्वयंसेवी संस्था किंवा नागरिकांचा गट यांनी हे काम हाती घ्यायचे ठरवले, तर ते कोणत्या क्रमाने करावे, हे येथे मांडले आहे. माझ्या मते अशा कामात बहुतेकांचे सारे लक्ष नमुन्याच्या आकाराकडे जाते आणि आकडे बिघडतात ते मात्र प्रश्न विचारण्याच्या रीतीमुळे. म्हणून लेखाचा मोठा भाग त्यावरच खर्च केला आहे.

काय मोजायचे ते आधी ठरवा

सर्वेक्षणात सगळेच गुन्हे येत नाहीत. खुनाचा बळी उत्तर द्यायला उरत नाही. दुकाने, कारखाने, बँका यांच्यावरील गुन्हे कुटुंबांच्या नमुन्यात सापडत नाहीत. जुगार, अवैध दारू अशा गुन्ह्यांत ‘मी पीडित’ म्हणणारा कोणी नसतो. उरतात ते दोन गट. घरफोडी, वाहनचोरी, अंगणातून किंवा गच्चीवरून वस्तू जाणे हे कुटुंबाचे गुन्हे. सोनसाखळी हिसकावणे, पाकीटमारी, मारहाण, धमकी, लैंगिक छळ आणि मोबाईलवरून होणारी आर्थिक फसवणूक हे व्यक्तीचे गुन्हे. पहिल्या गटासाठी घरातील एका जाणत्या माणसाला विचारले तरी चालते. दुसऱ्या गटासाठी निवडलेल्या व्यक्तीलाच विचारावे लागते, कारण सुनेच्या गळ्यातली साखळी गेल्याचे सासूला ठाऊक असते, पण सुनेला बसमध्ये कोणी त्रास दिल्याचे ठाऊक नसते.

सोलापुरात ही विभागणी एका ठिकाणी अडते. शहराच्या पूर्वभागात अनेक घरांत यंत्रमाग आणि राहते घर एकाच छपराखाली आहेत. मागाच्या खोलीतून सुताचा बाचका गेला, तर ती कुटुंबाची चोरी की व्यवसायाची? दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो. पण दहा मुलाखतकारांनी दहा प्रकारे ठरवले तर आकडा निरुपयोगी होतो. सोपा नियम असा की, घराच्याच दारातून जिथे ये-जा आहे त्या खोलीतील चोरी नोंदवावी, तिच्यापुढे वेगळी खूण करावी आणि अहवालात ती धरून व वगळून असे दोन्ही दर द्यावेत.

नमुना

२०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. त्यानंतर जुळे सोलापूर आणि होटगी रस्त्याकडची वस्ती बरीच वाढली, त्यामुळे जुन्या यादीवर विसंबून राहता येत नाही. प्रथम शहराचे छोटे भौगोलिक गट पाडावेत, त्यांतून कुटुंबसंख्येच्या प्रमाणात शंभर गट निवडावेत, निवडलेल्या प्रत्येक गटात स्वतः फिरून घरांची नवी यादी करावी आणि त्या यादीतून ठरावीक अंतराने वीस घरे घ्यावीत, म्हणजे २,००० घरे होतात. यादी करण्याचे काम कंटाळवाणे असते आणि नेमके तेच टाळले जाते. वाड्यातील मागच्या खोलीत राहणारे भाडेकरू आणि बांधकामावरची कुटुंबे यादीतून सुटली, तर ज्यांच्या दाराला धड कुलूपही नाही तीच माणसे मोजणीबाहेर राहतात.

घरात गेल्यावर प्रौढांपैकी एकाची निवड करावी. ज्याचा वाढदिवस सर्वांत अलीकडे होऊन गेला तो, हा नियम चालू शकतो. पण जुन्या पिढीला जन्मतारीख आठवत नसल्याने सोलापुरातल्या अनेक घरांत तो कोलमडतो. त्यापेक्षा प्रौढांची नावे वयाच्या उतरत्या क्रमाने लिहून छापील यादृच्छिक तक्त्यावरून (चिठ्ठ्या टाकल्यासारखी) निवड करणे बरे. निवडलेली व्यक्ती घरी नसेल तर वेगवेगळ्या वेळी किमान तीन फेऱ्या माराव्यात. शेजारच्याची मुलाखत घेऊन संख्या भरून काढू नये. जो दिवसभर घराबाहेर असतो त्याचाच खिसा जास्त कापला जातो, आणि घरी सापडणाऱ्यांवर भागवले तर नेमका तोच सुटतो.

आता २,००० घरांतून काय हाती येईल याचा हिशेब करू. समजा, त्यांपैकी शंभर घरांत प्रत्येकी किमान एक चोरी झाली, म्हणजे प्रमाण पाच टक्के. साध्या यादृच्छिक नमुन्यात ९५ टक्के विश्वासपातळीवर (म्हणजे शंभरपैकी पंचाण्णव वेळा अंदाज बरोबर ठरावा या हिशेबाने) या अंदाजातील त्रुटी दोन्ही बाजूंना सुमारे एक टक्क्याची असते. पण आपण गटागटाने घरे घेतली आहेत आणि एका गल्लीतील घरांचे अनुभव एकमेकांसारखे असतात, म्हणून विचरण (त्रुटी त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते) दीडपट धरले तर त्रुटी सुमारे १.२ टक्के होते. म्हणजे खरे प्रमाण ३.८ ते ६.२ टक्क्यांच्या दरम्यान असावे. एवढे पुरेसे आहे. परंतु साखळी हिसकावण्याचे प्रमाण अर्धा टक्का असेल तर संपूर्ण नमुन्यात जेमतेम दहा घटना सापडतील, आणि त्या दहांतून पेठनिहाय तक्ता काढणे हा निव्वळ खेळ ठरेल. असे आकडे लागणार असतील तर घरे वाढवावीत. ते जमत नसेल तर तसे आश्वासन आधीच देऊ नये.

आठवण जागी करणारे प्रश्न

‘गेल्या वर्षभरात तुमच्यावर काही गुन्हा घडला का?’ असे विचारले तर सोलापुरातल्या दहा दारांपैकी नऊ दारांत उत्तर मिळेल, ‘न्हाई बाई, तसलं काय न्हाई.’ तिथेच न थांबता मुलाखतकार मुलीने ‘काकू, दारातनं, गच्चीवरनं काही वस्तू गेली का? नळाची मोटार, हंडा, वाळत घातलेले कपडे?’ असे विचारले की काकू म्हणतात, ‘मोटार गेली की गं. पण ती कसली चोरी, गल्लीतल्याच पोरानं नेली.’ कायद्याच्या दृष्टीने ती चोरीच आहे. काकूंच्या लेखी ती गल्लीतली भानगड आहे. म्हणून प्रश्नावलीत ‘गुन्हा’, ‘पीडित’, ‘अत्याचार’ हे शब्द शक्यतो येऊच नयेत. कृती विचारावी, तिचे नाव काय ते नंतर आपण ठरवावे.

आठवणीला चालना देणाऱ्या छोट्या प्रश्नांची एक मालिका तयार करावी आणि ती तीन दिशांनी फिरवावी. पहिली दिशा वस्तूची : दुचाकी, तिची बॅटरी, त्यातले पेट्रोल, सायकल, पाण्याची मोटार, पितळेची भांडी, शेळी, कोंबड्या, सूत, मोबाईल, मंगळसूत्र. दुसरी जागेची : घरात, जिन्यात, मागावर, एसटी स्थानकावर, बाजारात, संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत, पंढरपूरला वारीच्या गर्दीत. तिसरी माणसाची : अनोळखी, ओळखीचा, शेजारी, कामावरचा, नात्यातला, घरातला. ही तिसरी दिशा वगळण्याचा मोह होतो, कारण ती विचारताना संकोच वाटतो. पण सगळ्यांत जास्त गळती तिथेच असते. अमेरिकेत सॅन होझे शहरात सत्तरच्या दशकाच्या आरंभी एक कसोटी घेतली गेली. पोलीस दप्तरात ज्यांच्या तक्रारी होत्या अशाच लोकांकडे मुलाखतकार पाठवण्यात आले. घरफोडी झालेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के लोकांनी ती घटना मुलाखतीत सांगितली. मारहाण झालेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या कमी लोकांनी सांगितली. आणि मारणारा नातेवाईक असेल तर हे प्रमाण जवळपास पाचात एक एवढेच राहिले. ही माणसे एकदा स्वतःहून पोलिसांकडे जाऊन आलेली होती, हे विसरू नये. पुढे १९९२ च्या सुमारास अमेरिकी प्रश्नावलीची फेररचना झाली आणि त्यात अशाच लहान, नेमक्या, ओळखीच्या माणसांचा उल्लेख करणाऱ्या प्रश्नांवर भर देण्यात आला. त्यानंतर सांगितल्या जाणाऱ्या घटनांची संख्या स्पष्टपणे वाढली.

मालिका पूर्ण होईपर्यंत एकाही घटनेचा तपशील विचारू नये. पहिल्या ‘हो’नंतर लगेच वीस उपप्रश्न आले, की उत्तर देणाऱ्याला हिशेब कळतो आणि पुढच्या सगळ्या प्रश्नांना तो ‘नाही’ म्हणतो. आधी सगळे ‘हो’ गोळा करावेत, तपशिलाचे पान नंतर उघडावे.

मोबाईलवरच्या फसवणुकीसाठी स्वतंत्र मालिका लागते. वीज तोडण्याचा खोटा संदेश, बँकेची माहिती अद्ययावत करण्याचा बहाणा, पैसे ‘मिळवण्यासाठी’ स्कॅन करायला लावलेला कोड, पोलीस असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवर घातलेली भीती, असे प्रकार एकेक करून विचारावेत. नुसता संदेश आला की पैसेही गेले, हे वेगळे नोंदवावे. अन्यथा ज्याच्याकडे मोबाईल आहे असे प्रत्येक घर पीडित ठरेल.

‘अंधार पडल्यावर आपल्या भागात एकटे चालताना सुरक्षित वाटते का’ हा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघाच्या शाश्वत विकास उद्दिष्टांच्या निर्देशकांत आहे, म्हणून तो जरूर घ्यावा. मात्र भीतीविषयीचे प्रश्न आधी विचारले की लोकांना घटना अधिक आठवतात, असा परदेशातील अनुभव आहे. तेव्हा क्रम कोणताही ठेवा, पण सर्व घरांत आणि पुढच्या प्रत्येक फेरीत तोच ठेवा.

घटना कोणत्या वर्षातली?

माणसाला ठळक घटना असते त्यापेक्षा अलीकडची वाटते. दीड वर्षापूर्वी झालेली घरफोडी ‘वर्ष झालं असेल’ म्हणून आपल्या बारा महिन्यांत येऊन बसते आणि आकडा फुगतो. उलट किरकोळ चोरी चार महिन्यांत विसरली जाते आणि आकडा घटतो. दोन्ही चुका एकमेकींना छेदतील या आशेवर राहू नये, कारण त्या वेगवेगळ्या गुन्ह्यांत होतात.

अमेरिकेत यावर खर्चिक उपाय केला जातो. तेच घर साडेतीन वर्षांत दर सहा महिन्यांनी, एकूण सात वेळा गाठले जाते. मागच्या मुलाखतीत सांगितलेली घटना पुन्हा आली की ती ओळखू येते, आणि पहिल्या मुलाखतीतील घटना कित्येक वर्षे अंदाजात धरल्याच जात नव्हत्या. आपल्याला एकदाच जायचे असेल तर आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणाची युक्ती वापरावी. आधी विचारावे, ‘गेल्या पाच वर्षांत कधी झाले का?’ आणि होकार आला की मग, ‘ते नेमके कधी?’ जुनी घटना सांगून मन मोकळे झालेले असते, त्यामुळे ती चालू वर्षात ढकलण्याची ओढ कमी होते.

‘नेमके कधी’साठी इंग्रजी महिने कामाचे नाहीत. घराघराच्या पंचांगानुसार खुणा असलेला एक कागद सोबत ठेवावा : संक्रांत व गड्डा, आंबेडकर जयंती, रमजान ईद, आषाढी, नारळी पौर्णिमेची मार्कंडेय रथयात्रा, गणपती, नवरात्र, कोजागिरीला तुळजापूरला पायी जाणे, दिवाळी, शाळेच्या परीक्षा. ‘मोटार गेली ती गड्ड्याच्या आधी का नंतर?’ याला लगेच उत्तर मिळते. सर्वेक्षणाचे वर्षही अशा ठळक सणापासून मागे मोजावे. गड्डा संपल्यावर फेब्रुवारीत मुलाखती घेतल्या तर ‘मागच्या गड्ड्यापासून या गड्ड्यापर्यंत’ हे वर्ष सांगणाऱ्याला सहज कळते.

तपशिलाचे पान

प्रत्येक घटनेसाठी स्वतंत्र पान घ्यावे. कुठे, केव्हा, कोणी, काय गेले, किती रुपयांचे, इजा झाली का, हे नेहमीचे प्रश्न झाल्यावर खरा महत्त्वाचा भाग येतो तो पोलिसांचा. ‘पोलिसांत कळवले का?’ एवढ्यावर थांबल्यास उत्तरांचा गोंधळ होतो, कारण लोकांच्या दृष्टीने ठाण्याची पायरी चढणे म्हणजे तक्रार देणे. पुढे विचारावे : हातात कागद मिळाला का? असल्यास तो पाहता येईल का? तो एफआयआर असेल, अदखलपात्र तक्रारीची पावती असेल, वस्तू हरवल्याचा दाखला असेल किंवा शिक्का मारून परत दिलेली अर्जाची प्रत असेल. या चार कागदांपैकी पहिलाच दाखल गुन्ह्याच्या आकड्यात मोजला जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. अदखलपात्र तक्रारीची तरतूद कलम १७४ मध्ये आहे. मुलाखतकारांना या चारही कागदांचे नमुने दाखवून सराव द्यावा. लोक कपाटातून घडी घातलेला कागद काढून देतात आणि ‘एफआयआर केलाय की’ म्हणतात. प्रत्यक्षात तो हरवल्याचा दाखला निघतो. सर्वेक्षण आणि पोलीस दप्तर यांतील बरेचसे अंतर या एका प्रश्नाने समजावून सांगता येते.

गेलेच नसतील तर ‘का गेला नाहीत?’ याचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे, पर्याय वाचून दाखवू नयेत.

दारात गेल्यावर

पाणी येण्याच्या दिवशी जाऊ नये. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि त्या वेळी घरातले कोणीही बोलायला मोकळे नसते. यंत्रमागावरच्या पुरुषांसाठी पाळी सुटण्याची वेळ पाहावी. विडी वळणाऱ्या बाया मात्र हात चालू ठेवून निवांत बोलतात. त्यांच्याकडे दुपारी जावे आणि विड्या जमा करायला जायची वेळ टाळावी. प्रश्नावली मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूत असावी, आणि ती सोलापुरात बोलल्या जाणाऱ्या बोलीत तपासून घ्यावी. मुलाखतकाराने जागच्या जागी केलेले भाषांतर स्वीकारू नये.

मारहाण आणि छळाचे प्रश्न एकांतातच विचारावेत. एका खोलीच्या घरात एकांत मिळत नाही, हे खरे आहे. अशा वेळी तो भाग सोडून द्यावा आणि ‘एकांत नव्हता’ असे नोंदवावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरगुती हिंसाचाराचे प्रश्न घरातील एकाच स्त्रीला आणि एकांत असेल तरच विचारले जातात. २०१९-२१ च्या फेरीत हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती, आणि ती मदतही बहुधा माहेरच्यांकडे. दारात सर्वेक्षणाचे नाव सांगताना ‘आरोग्य व सुरक्षितता’ असे मोघम सांगावे, जेणेकरून नंतर नवऱ्याने विचारले तर बाई अडचणीत येणार नाही. तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि सायबर फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक इतर उपयुक्त क्रमांकांत मिसळून छापलेला कागद प्रत्येक घरी द्यावा, गरज दिसो वा न दिसो.

मुलाखत अठरा वर्षांवरील व्यक्तीचीच घ्यावी. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ नुसार बालकावरील अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती कळवण्याचे बंधन आहे, आणि गोपनीयतेचे वचन देणाऱ्या मुलाखतकारालाही त्यातून सूट नाही. वचन देतानाच ही मर्यादा सांगावी.

हिशेब

दोन दर काढावेत. किती घरांवर आघात झाला हा एक, आणि हजार घरांमागे किती घटना झाल्या हा दुसरा. वरच्या काल्पनिक उदाहरणात शंभर घरांत मिळून १३० घटना झाल्या असतील, तर पहिला दर पाच टक्के आणि दुसरा हजारी ६५. आता त्या शंभरांपैकी एका भाजीवालीची आपण एकच घटना धरली होती, पण ती म्हणते, ‘दर आठवड्याला तो येतो, दमदाटी करून पैसे काढून नेतो.’ तिच्या ५२ घटना धरल्या तर एकूण १८१ होतात आणि दर हजारी ९०.५ वर जातो. एका बाईच्या उत्तराने शहराचा आकडा हलतो. अमेरिकेत एकाच व्यक्तीवरील अशा सारख्या घटनांच्या मालिकेला दहाची कमाल मर्यादा लावतात. त्याप्रमाणे दर ६९.५ येतो. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ पाचची मर्यादा होती, आणि त्यामुळे घरातल्या घरात वारंवार मार खाणाऱ्या स्त्रियांचे दुःख आकड्यातून पुसले जाते अशी टीका झाल्यावर ती बदलण्यात आली. मला ही टीका रास्त वाटते. मर्यादा लावलीच तर तिच्याविना येणारा दरही शेजारी छापावा.

व्यक्तीच्या गुन्ह्यांसाठी भारांक विसरू नये. एकट्या राहणाऱ्या आजीची निवड निश्चित असते, पाच प्रौढांच्या घरातील सुनेची पाचात एक. म्हणून सुनेच्या उत्तराला आजीच्या पाचपट वजन द्यावे लागते.

पोलीस आकड्यांशी तुलना करताना दोन्ही बाजू सारख्या करून घ्याव्यात. दप्तरातील दुकानांच्या व कारखान्यांच्या चोऱ्या वगळाव्यात, बाहेरगावच्या फिर्यादी वगळाव्यात, आणि सर्वेक्षणातून पंढरपूर किंवा पुण्यात घडलेल्या घटना बाजूला काढाव्यात, कारण त्या शहर आयुक्तालयाच्या हद्दीत येतच नाहीत. अहवालाच्या प्रत्येक तक्त्याखाली घटनांची कच्ची संख्या आणि त्रुटीची मर्यादा द्यावी. ज्या चौकटीत दहापेक्षा कमी घटना असतील तिथे दर न छापता चौकट रिकामी ठेवावी, आणि भवानी पेठेत शून्य सापडले म्हणून तिथे चोऱ्या होत नाहीत असा मथळा कोणी करू नये यासाठी वार्ताहरांना दिल्या जाणाऱ्या प्रतीत पेठनिहाय तक्ता घालूच नये.